एमआयडीसीत नवीन लागलाय? मशीनला हात लावायच्या आधी हे वाचून घ्या

आयटीआय किंवा डिप्लोमा करून, नाहीतर बारावीनंतर सरळ ठेकेदारामार्फत, चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा कुठल्याही एमआयडीसीत पहिल्यांदा कामाला लागणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी स्वतः प्रेस शॉपमधून (जिथं पॉवर प्रेसवर पत्रा कापतात, वाकवतात) आलोय त्यामुळे प्रेसवर जास्त लिहिलंय, बाकीच्या मशीनवर कमी, पण आग, करंट, गॅस, टाकी हे सगळ्यांनाच लागू आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मशीन सुरळीत चालू असताना हात जाण्याचे प्रकार माझ्या बघण्यात कमी आहेत. हात जातो तो काहीतरी अडकल्यावर. पार्ट डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) चिकटला, बर (कापलेल्या धातूची कीस) अडकली, बेल्टवर बॉक्स तिरका झाला, सेन्सर मधेच बंद पडला, आणि मागं सुपरवायझर उभा, टार्गेट राहिलंय, मग माणूस "एका सेकंदाचं तर काम आहे" म्हणून हात घालतो. नवीन पोरगं तर जास्तच घालतं कारण त्याला आपण कामाचे आहोत हे दाखवायचं असतं. म्हणून पुढं जे काही सांगतोय त्याचं मूळ हेच आहे: काही अडकलं, काही वेगळा आवाज आला, काही वेगळं दिसलं की आधी थांबवायचं, मग बघायचं. कसं थांबवायचं ते मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्यावं लागतं, ऐनवेळी सुचत नाही.

स्टेप १: जॉइन होताना कागद बघा

सेफ्टीच्या लेखात कागद कशाला असं वाटेल, पण थांबा. कंपनीत लागताना तुम्ही कुणाच्या पगारावर आहात, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, हे लेखी हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, तर ते मागा. फोटो काढून घरी कुणालातरी पाठवून ठेवा.

दुसरं, ईएसआय, म्हणजे कामगारांसाठीची सरकारी विमा योजना. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयखाली येत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. स्लिपवर कपात दिसते पण नंबरच निघालेला नाही असे प्रकार होतात, आणि मग अपघात झाल्यावर धावपळ करून नंबर काढला जातो आणि त्याच्यावरून पुढं भांडणं. म्हणून पहिल्याच आठवड्यात एचआरला किंवा ठेकेदाराच्या माणसाला विचारा, "माझा इन्शुरन्स नंबर काय आहे?" तो नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. कामावर इजा झाली आणि तात्पुरतं काम करता येत नसेल तर ईएसआयमधून सरासरी रोजाच्या ९० टक्के पैसे मिळतात, आणि कामावरच्या इजेसाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असलीच पाहिजे अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. हे बऱ्याच पोरांना माहितीच नसतं आणि ती गपचूप गावाला निघून जातात.

स्टेप २: अंगावर काय घालायचं, काय काढायचं

सेफ्टी शूज कंपनीने द्यायचे असतात, तुमच्या पगारातून कापून नाही. साइज बरोबर घ्या, मोठा बूट घालून पॅडलवर पाय सरकतो.

अंगठी, कडं, गळ्यातली चेन, मनगटाचा गंडादोरा, लटकणारं आयकार्ड हे सगळं लॉकरमध्ये. गंडा काढायला पोरं नाही म्हणतात, घरच्यांनी बांधलेला असतो, मी समजू शकतो, पण मग तो खिशात ठेवा, मनगटावर नको. बायकांनी ओढणी आत खोचून वरून ॲप्रन, केस बांधून टोपीच्या आत, मंगळसूत्र ड्रेसच्या आत. फिरणाऱ्या शाफ्टला केसांची नुसती बट सापडली तरी ती सोडवायला वेळ मिळत नाही.

आता ग्लोव्हजचं नीट ऐका कारण इथं खूप जणांची गल्लत होते. पत्रा उचलायला कट-रेझिस्टंट ग्लोव्हज पाहिजेतच, पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. पण ड्रिल, लेथ, जे जे काही गरगर फिरतं तिथं ग्लोव्हज अजिबात नकोत. ग्लोव्हचा दोरा बिटला गुंडाळला की बोट आणि पाठोपाठ हात ओढला जातो. म्हणजे एकाच शॉपमध्ये एका मशीनवर ग्लोव्हज कंपल्सरी आणि शेजारच्या मशीनवर मनाई असं असू शकतं, त्यामुळे मशीन बदललं की आधी विचारा.

कानाचे प्लग रोज घाला. प्रेस शॉपच्या आवाजाने कान एका दिवसात जात नाही, हळूहळू जातो आणि गेलेला परत येत नाही.

स्टेप ३: पहिल्या दिवशी एक चक्कर मारा

इंडक्शनमध्ये पीपीटी दाखवतात, सही घेतात, ते झालं तरी स्वतः एक चक्कर मारा, चहाच्या सुट्टीत मारली तरी चालेल. तुमच्या जागेवरून बाहेर पडायचे दोन रस्ते शोधा, एक नाही, दोन. दुसऱ्या रस्त्याने खरोखर चालत जाऊन बघा. दार उघडतं का? त्याच्यापुढे पॅलेट, स्क्रॅपचे बिन, पॅकिंगचे बॉक्स लावलेत का? कुलूप आहे का, असेल तर चावी कुणाकडं?

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. जून २०२१ मध्ये पिरंगुटजवळ उरवड्याला सॅनिटायझेशनच्या गोळ्या वगैरे बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली, पंधराहून जास्त कामगार आत अडकून मेले, त्यात बहुतेक बायका होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या स्पार्कल कँडलच्या कारखान्यात आग लागली, तिथंही गेल्या त्या बहुतेक बायकाच. पॅकिंगची कामं करणाऱ्या बायकांना कुणी मशीन ऑपरेटर म्हणत नाही आणि सेफ्टी ट्रेनिंगलाही बसवत नाही, आणि आग लागल्यावर त्याच आत सापडतात. तुम्ही पॅकिंगला लागला असाल तर "आपलं काय, आपण तर बॉक्स भरतो" असं समजू नका.

त्याच चकरेत बघायचं: इमर्जन्सी स्टॉप कुठं (लाल मशरूम बटन), लाइनचा मेन स्विच कुठं, फायर एक्स्टिंग्विशर कुठं आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का, फर्स्ट एड बॉक्स कुठं आणि उघडून बघितलं तर आत खरंच काही आहे का, असेंब्ली पॉइंट (आग लागल्यावर सगळ्यांनी जमायची जागा) कुठं. बॉक्समध्ये नुसती एक्सपायर झालेली क्रीम आणि दोन पट्ट्या असतील तर सुपरवायझरला सांगा, त्यात कसली लाज.

स्टेप ४: प्रेसवर उभं राहायच्या आधी

ज्याला प्रेसवर टाकलंय त्याने हे दोनदा वाचा. हरियाणातल्या मानेसर-गुरुग्राम पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांमधल्या जखमी कामगारांसाठी सेफ इन इंडिया नावाची संस्था काम करते, त्यांच्या अहवालांमध्ये वर्षानुवर्षं हेच येतंय की बोटं सगळ्यात जास्त पॉवर प्रेसवर जातात, आणि हेल्पर म्हणून घेतलेल्या माणसाला प्रेस चालवायला लावलेलं असतं. आपल्याकडं वेगळं चित्र आहे असं मला तरी वाटत नाही.

ऑपरेटरला किंवा सेटरला (प्रेसवर डाय बसवणाऱ्याला) पहिला प्रश्न हा विचारायचा: "दादा, ही प्रेस स्ट्रोक मारताना मधेच थांबते का?"

त्याचं असं आहे. जुन्या मेकॅनिकल प्रेसमध्ये पिन किंवा की-क्लच असतो. एकदा पॅडल दाबलं आणि क्लच लागला की रॅम (प्रेसचा वरून खाली येणारा जड भाग) खाली येऊन वर जाईपर्यंत जगातलं कुठलंच बटन त्याला थांबवू शकत नाही, पूर्ण एक फेरा होतोच. अशा प्रेसला पुढं लाइट कर्टन (मधे हात आला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावला तरी उपयोग नाही, कारण सेन्सरने हात बघितला तरी मशीन थांबणारच नाही. तिथं एकच इलाज, डायभोवती पक्की जाळी किंवा गार्ड, ज्याच्या फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. आणि या जुन्या क्लचची की किंवा स्प्रिंग झिजली तर एकदा पॅडल दाबल्यावर रॅम दोनदा पण येतो, त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. पहिला स्ट्रोक झाला म्हणून माणूस पार्ट काढायला हात घालतो आणि दुसरा येतो. एकदा जरी डबल स्ट्रोक दिसला तरी मोटर बंद, मेंटेनन्सला बोलवा, "अधूनमधून करते ती तसं" हे उत्तर ऐकून परत चालू करू नका.

न्यूमॅटिक म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची प्रेस मधेच थांबू शकते, म्हणून तिच्यावर टू-हँड बटन (दोन्ही हातांनी दाबायची दोन बटनं) आणि लाइट कर्टन कामाचे असतात. पण ते चालू आहेत का हे शिफ्टच्या सुरुवातीला रोज बघायचं, सेटरला सोबत घेऊन, पार्ट न लावता:

एक बटन दाबा, प्रेस चालली नाही पाहिजे. एक बटन दाबून धरा आणि थोड्या वेळाने दुसरं दाबा, तरीही चालली नाही पाहिजे, दोन्ही एकदमच दाबली तरच चालायला हवी. चालू स्ट्रोकमध्ये रॅम खाली येताना एक हात सोडा, रॅम थांबला पाहिजे. लाइट कर्टन टेस्ट रॉडने किंवा लांब लाकडी पट्टीने तोडून बघा, हाताने कधीच नाही. शेवटी इमर्जन्सी स्टॉप दाबून बघा. सगळं मिळून दोनतीन मिनिटांचं काम आहे. यातलं एक जरी फेल गेलं तरी प्रोडक्शन चालू करायचं नाही.

बटनांकडं जरा जवळून बघा. एका बटनावर चिकटपट्टी गुंडाळलेली, नाहीतर कडेला लाकडाची चिप ठोकलेली दिसली तर समजायचं की आधीच्या माणसाने एक बटन कायमचं दाबून ठेवून एका हाताने चालवायची सोय केलीय. सेन्सरची वायर काढून जंपर टाकलेली असते तेही असंच, लाइट हिरवी दिसते पण आत काहीच चालू नसतं. ही सोय करणारा माणूस वाईट नसतो, त्याला तासाचे नग पूर्ण करायचे असतात. पण त्या मशीनवर उद्या तुमचा हात असणार आहे.

फूट पॅडलला वरून कव्हर पाहिजे, उघडं पॅडल असेल तर त्याच्यावर पार्ट पडला तरी स्ट्रोक येतो. आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर पाय पूर्ण बाजूला घ्यायचा, पॅडलवर नुसता टेकवून ठेवायचा नाही. पार्ट लावायला काढायला चिमटा किंवा मॅग्नेटवालं टूल मागा. टूलने सुरुवातीला स्पीड कमी होतो, आठवडाभरात हात बसतो.

अजून एक, ओव्हरटाइम. बाराव्या तासाला हात आपोआप चालत असतो आणि डोकं दुसरीकडं असतं. नाइटला पहाटेच्या सुमारास तर फारच. झोप येतेय असं वाटलं तर लाइन लीडरला सांगून पाच मिनिटं तोंड धुऊन या, किंवा दुसऱ्या कामावर बदली मागा.

स्टेप ५: अडकलं तर

आता मुख्य मुद्दा. पार्ट डायमध्ये अडकला. क्रम असा ठेवा.

मोटर बंद करा आणि थांबा. मोटर बंद केली म्हणजे मशीन थांबलं असं नाही, फ्लायव्हील (मोटरने फिरणारं जड चाक) बराच वेळ फिरत राहतं आणि ते फिरतंय तोपर्यंत त्याच्यात एक स्ट्रोक मारण्याएवढी ताकद असते, पॅडलला चुकून पाय लागला की रॅम खाली. फ्लायव्हील पूर्ण उभं राहिलेलं डोळ्यांनी बघा. मग मेन स्विच ऑफ करा, न्यूमॅटिक असेल तर हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडा. मग रॅमच्या खाली सेफ्टी ब्लॉक लावा, म्हणजे रॅम सरकला तरी ब्लॉकवर अडेल. आणि मग चिमट्याने किंवा रॉडने पार्ट काढा. सेटिंगचं काम असेल तर ते सेटरचं, तुमचं नाही, तुम्हाला शिकायचं असेल तर बाजूला उभं राहून बघा.

मेन स्विच ऑफ केल्यावर त्याला कुलूप लावायचं आणि "काम चालू आहे, स्विच लावू नये" असा टॅग, त्याच्यावर तुमचं नाव. याला लोटो म्हणतात, लॉकआउट टॅगआउट. चावी स्वतःच्या खिशात, मित्राकडं द्यायची नाही, खिळ्याला टांगायची नाही. दोन माणसं आत काम करत असतील तर दोघांची दोन कुलपं. सगळ्या छोट्या कंपन्यांत लोटोचं किट नसतं हे मला माहिती आहे, नसेल तर निदान एक साधं कुलूप आणि एक माणूस पॅनलपाशी उभा, जो तुम्ही स्वतः येऊन सांगेपर्यंत हलणार नाही. शिफ्ट बदलताना तर खास, कारण नवीन शिफ्टवाल्याला माहितीच नसतं की कन्व्हेयरच्या मागं कुणी आडवं झोपून काम करतंय.

बाकीच्या मशीनचं थोडक्यात

सीएनसी, व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं दार उघडल्यावर मशीन थांबायला इंटरलॉक असतो, तो बायपास करून चालवायचं नाही. बर हाताने ओढायची नाही, हुक वापरा. लेथच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या फिरत्या भागात) तो आवळायची चावी ठेवून मशीन चालू करायचं नाही, चावी उडून छातीत बसते.

ग्राइंडरला चाक लावताना चाकावर लिहिलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त किंवा निदान तेवढा असला पाहिजे. नवीन दगडी चाक लाकडी हँडलने हळूच ठोकून बघा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत तडा आहे, लावू नका. गॉगल आणि गार्डशिवाय ग्राइंडर चालूच करायचा नाही.

एअर गनने कपड्यावरची धूळ उडवायची सवय सगळ्यांना असते, ती लावूनच घेऊ नका. मस्करीत कुणाच्या अंगावर मारणं तर अजिबात नाही. दाबाची हवा शरीरात शिरून आतडी फाटून माणसं मेलेली आहेत.

करंटचं: एक्स्टेन्शनच्या उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडी खोचून लावायच्या नाहीत, प्लग टॉप लावा. हँड ग्राइंडर, ड्रिल ज्या बोर्डवरून चालतं त्याला ३० मिलीॲम्पचा ईएलसीबी (करंट लीक झाला की लाइट तोडणारा स्विच) आहे का विचारा आणि त्याचं टेस्ट बटन दाबून ट्रिप होतो का बघा. पावसाळ्यात शेडमध्ये पाणी येतं तेव्हा खाली पडलेल्या वायरी आधी उचला. फोर्कलिफ्टच्या मागून जाताना ड्रायव्हरची नजर मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

स्टेप ६: टाकीत, खड्ड्यात, चेंबरमध्ये उतरायला सांगितलं तर

सरळ नाही म्हणा. ईटीपीची (कंपनीचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटची) टाकी, ड्रेनेज चेंबर, केमिकलचा रिॲक्टर, अगदी बरेच दिवस बंद असलेली पाण्याची टाकीसुद्धा, आत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि विषारी गॅस साठलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो हे सगळ्यांना माहिती असतं, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते, म्हणजे वास येईनासा झाला तर गॅस गेला असं नाही, जास्त झालाय असंही असू शकतं.

उतरायचं तर लेखी परमिट, गॅस मीटरने मोजलेला ऑक्सिजन (१९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही), ब्लोअर चालू, अंगाला हार्नेस आणि दोर, आणि वर सतत एक माणूस. यातलं एक नसेल तर काम होणार नाही.

आणि आत कुणी पडला तर त्याला काढायला उडी मारायची नाही. हे पाळणं फार अवघड आहे, आपला मित्र खाली पडलेला दिसतो आणि पाय थांबत नाहीत. पण अशा बातम्या बघा, एक माणूस उतरतो, पडतो, दुसरा काढायला जातो, तोही पडतो, मग तिसरा. वरून दोराने ओढा, ब्लोअरने हवा सोडा, ओरडून माणसं गोळा करा, फायर ब्रिगेडला फोन करा. श्वासाचा सेट (हवेचा सिलिंडर आणि मास्क) घातल्याशिवाय कुणीही आत नाही.

स्टेप ७: केमिकल आणि गॅस

ज्या ड्रमला हात लावताय त्याची सेफ्टी डेटा शीट मागा. तिचे १६ भाग असतात, सगळे वाचायची गरज नाही, तुम्हाला चार पुरे: भाग ४ फर्स्ट एड, भाग ५ आग लागली तर, भाग ६ सांडलं तर, भाग ८ अंगावर काय घालायचं. इंग्रजी जड जात असेल तर सेफ्टीवाल्याला म्हणा मला हे चार भाग मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगा, ते त्यांचं कामच आहे. बिसलेरीच्या बाटलीत थिनर किंवा ॲसिड ओतून ठेवायचं नाही, कुणीतरी पितं. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड हळूहळू, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

गॅस लीक झाला तर पळायच्या आधी मान वर करून विंडसॉक बघा, छतावर केशरी-पांढरा कापडी सोंड्या असतो तो. वारा कुठून येतोय ते बघून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा आणि मग वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा. वाऱ्याबरोबर पळालात तर गॅसही तुमच्याबरोबरच येतो. ओला रुमाल तोंडाला लावा. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) हा विषारी गॅस सुटला तेव्हा लोकांना कुठं पळायचं हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि लांब कशाला, डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये परत दुसऱ्या केमिकल कंपनीत, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. शेजारच्या कंपनीत काय बनतं हेसुद्धा माहिती करून घ्या.

स्टेप ८: आग

आधी ओरडा, अलार्म वाजवा, मग विझवायचं बघा. आग तुमच्या कमरेएवढी असेल आणि तुमच्या पाठीमागं बाहेर पडायचा रस्ता मोकळा असेल तरच एक्स्टिंग्विशर उचलायचा, नाहीतर बाहेर पडा. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाकडं धरा, ज्वाळेकडं नाही, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडं फिरवा. पावडरचा सिलिंडर काही सेकंदात संपतो, त्यामुळे आधी लांबून उडवून वाया घालवू नका. तेलाच्या आगीवर आणि करंट चालू असलेल्या पॅनलवर पाणी मारायचं नाही, पॅनलला सीओटू वापरा आणि त्याचा काळा हॉर्न हाताने धरू नका, इतका गार होतो की कातडी चिकटते. धूर असेल तर खाली वाकून, गरज पडली तर रांगत. लिफ्ट नाही. मोबाईल, डबा, बॅग घ्यायला परत आत नाही. असेंब्ली पॉइंटला जाऊन थांबा, तिथून परस्पर रूमवर जाऊ नका, नाहीतर तुम्हाला शोधायला कुणीतरी आत जाईल.

स्टेप ९: झालंच तर पहिल्या दहा मिनिटांत काय

बोट तुटलं: आधी माणूस, मग बोट. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा, त्याला खाली बसवा किंवा झोपवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. दुसऱ्या माणसाने तुटलेला भाग शोधायचा, डायमध्ये, ग्लोव्हमध्ये, स्क्रॅप बिनमध्ये. जास्त घासूनपुसून धुवायचं नाही, स्वच्छ ओलसर गॉजमध्ये किंवा रुमालात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बर्फ थेट बोटाला लागता कामा नये, त्याने मांस मरतं. वेळ लिहून ठेवा. जोडायचं असेल तर तास मोजून असतात, म्हणून जिथं प्लॅस्टिक किंवा हँड सर्जन आहे अशा हॉस्पिटललाच न्यायला सांगा, आधी फोन करून विचारा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालून घेण्यात हे तास निघून जातात.

डोळ्यात केमिकल गेलं: लगेच वाहत्या पाण्याखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान १५-२० मिनिटं. रडला ओरडला तरी सोडायचं नाही, नंतर हॉस्पिटल.

भाजलं: २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, बर्फ नको. चिकटलेला कपडा ओढू नका.

करंट: त्याला हात लावायच्या आधी मेन बंद. बंद करता येत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२०, साधारण ५ सेंटीमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. हे कंपनीत एकदा बाहुलीवर शिकवायला सांगा, दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तेव्हा नुसती शपथ आणि बिल्ला होतो, त्यापेक्षा त्या दिवशी हे ट्रेनिंग मागा.

इजा छोटी असली तरी ॲक्सिडेंट रजिस्टरला नोंद झालीच पाहिजे, आणि कंपनीने ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट पाठवला का ते विचारा. हॉस्पिटलमध्ये "घरी दार लागलं" असं लिहायला कुणी सांगितलं तर लिहू नका, डॉक्टरला खरं सांगा. त्या एका ओळीवर पुढचा सगळा क्लेम अवलंबून असतो.

स्टेप १०: नाही कसं म्हणायचं

सगळ्यात अवघड हेच. ट्रेनी आहे, कॉन्ट्रॅक्टवर आहे, रूमचं भाडं द्यायचंय, नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील ही भीती खरी आहे आणि मी ती छोटी करून सांगणार नाही. तरी पण म्हणायची पद्धत असते. "मी चालवणार नाही" म्हणण्यापेक्षा "सर, सेन्सर लागत नाहीये, मेंटेनन्सकडून करून घ्या, लगेच चालू करतो, तोपर्यंत दुसरं काम सांगा." आवाज न चढवता, आणि शक्यतो सोबतच्या दोघांसमोर. मग तेच शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, "अमुक नंबर प्रेसचा लाइट कर्टन बंद आहे, मेंटेनन्सला सांगितलंय", मशीनच्या फोटोसकट, फोटोला परवानगी नसेल तर नुसतं लिहून. लेखी आलं की साहेबही जरा सावध होतो. अपघात होता होता थोडक्यात टळला असे प्रसंगही असेच लिहून कळवा. कंपनीत कुणी ऐकतच नसेल तर राज्य सरकारचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, तिथं तक्रार करता येते, युनियन असेल तर त्यांच्यामार्फत जाणं सोपं पडतं.

आजच करून ठेवायचं

मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट आणि ब्लड ग्रुप टाका. खिशातल्या आयकार्डच्या मागं इन्शुरन्स नंबर, घरचा नंबर, ठेकेदाराचा नंबर लिहा. ११२ कुठल्याही इमर्जन्सीला, १०८ ॲम्ब्युलन्सला, १०१ फायरला, हे पाठच असतात, पण पत्ता पाठ नसतो. फोनवर "चाकण एमआयडीसी" एवढंच सांगितलं तर गाडी तासभर फिरत बसेल, तिथं एकाच नावाच्या दोनतीन कंपन्या पण असतात. कंपनीचं पूर्ण नाव, प्लॉट नंबर किंवा गट नंबर, फेज, गाव आणि जवळची एक मोठी खूण, म्हणजे चौक, पेट्रोल पंप, वजनकाटा असलं काहीतरी, एका कागदावर लिहून टाइम ऑफिसच्या आणि तुमच्या लाइनच्या फोनशेजारी चिकटवा. फोन केला की एक माणूस लगेच मेन रोडच्या वळणावर पाठवायचा, आणि एकाने सिक्युरिटीला सांगून गेट आधीच उघडून ठेवायचं, आत उभे असलेले ट्रक बाजूला घ्यायला लावायचे.